बडनेऱ्याच्या गिरणीचे सर माणेकजी

नागपूरहून अमरावतीकडे येताना नांदगाव पेठ लागतं. रतन इंडियाचं १३५० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र इथलंच, आणि कापडाचे कारखाने उभे राहिलेली एमआयडीसीही इथलीच. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून पंतप्रधानांनी इथल्या हजार एकरांवरच्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. वऱ्हाडातल्या कापसाचं कापड वऱ्हाडातच व्हावं, ही आस मात्र या पार्कपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे. शहराच्या दुसऱ्या अंगाला, बडनेऱ्यात, बेरार मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची गिरणी होती. तिचे मॅनेजिंग डायरेक्टर सर माणेकजी बैरामजी दादाभॉय. या माणसाने गिरणीच्या कचेरीतून थेट दिल्लीच्या वरिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षपदापर्यंत मजल मारली, आणि आज वऱ्हाडात त्यांचं नाव क्वचितच कोणी घेतं.

माणेकजींचा जन्म १८६५ चा, मुंबईचा. बॅरिस्टर होऊन ते नागपूरला आले, सरकारी वकील झाले आणि पुढे वकिलीपेक्षा धंद्यात जास्त रमले. कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणी, नागपूरची वीज कंपनी, मॉडेल मिल्स, बडनेऱ्याची गिरणी, शिवाय ठिकठिकाणचे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, एवढा त्यांचा पसारा. १९०८ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात गेले.

त्या काळात कौन्सिलात जायचं म्हणजे गावोगाव सभा घ्यायच्या नसत. मोर्ले-मिंटो सुधारणांनंतरही मध्य प्रांतातून मतं मागायची ती जमीनदारांची, नाहीतर नगरपालिका आणि जिल्हा कौन्सिलांच्या सभासदांची. वऱ्हाडची गोष्ट तर आणखी न्यारी. १८५३ पासून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात असला तरी कागदोपत्री निजामाचा. त्यामुळे १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडच्या मतदारांनी माणूस निवडायचा आणि मग सरकारने त्याची ‘नेमणूक’ करायची, असा रिवाज पडला. अमरावतीचे टिळकभक्त दादासाहेब खापर्डे याच वाटेने दिल्लीच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले. अख्ख्या हिंदुस्थानात त्या सभागृहाचे मतदार १९२० साली जेमतेम १७ हजारांच्या घरात होते. सारा किंवा प्राप्तिकर भरणाऱ्यांच्या या मूठभर यादीत गिरणीवाला, सावकार आणि मालगुजार ही मंडळी घरचीच होती. उद्योगपतीने राजकारणात उतरणं तेव्हा अवघड नव्हतं, कारण मतदार त्याच्याच बैठकीतला असे.

तरीही माणेकजींना सरकारचे होयबा ठरवून मोकळं होणं अन्यायाचं होईल. १८९६ पासून इंग्रज सरकार हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर घेत होतं. बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के जकात होती, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेवढाही तोटा सोसावा लागू नये म्हणून इथल्या कापडावर तेवढाच भार! १९११ मध्ये हा कर रद्द करावा असा ठराव कौन्सिलात माणेकजींनी मांडला. सरकारी बहुमतापुढे तो पडला. कर सुटला तो १९२६ उजाडता उजाडता. ठरावाच्याच वर्षी, १९११ मध्ये, कलकत्त्याच्या औद्योगिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. या परिषदेच्या उभारणीत अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर आघाडीवर होते. मुधोळकर मवाळ, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. कारखाने उभे राहावेत, अर्ज-विनंत्यांनी सुधारणा मिळवाव्यात आणि राज्याशी भांडण ताणू नये, या वळणाचे दोघेही.

पण गिरणीमालकाचा आवाज हाच प्रांताचा आवाज मानला, तर मजूर कुठे राहतो? वऱ्हाडातले जिन हंगामापुरते चालत. बोंडं फुटली, वेचणी झाली की रुई-सरकी वेगळी करण्याचं काम रात्रंदिवस सुरू. रेच्यांपुढे कापूस टाकायला बहुतेक बाया असत, आणि रुईची धूळ त्यांच्या छातीत जाई. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यातून वर्षाला चार महिन्यांपेक्षा जास्त न चालणारे कारखाने वगळलेले होते, म्हणजे जिन आपोआप सुटले. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ मध्ये. कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा तेव्हाच पडली. ज्या सभागृहात जिनमालकांना खुर्च्या होत्या, तिथे त्या बायांपैकी एकीलाही मत नव्हतं.

माणेकजींच्या राजकारणाचा खरा कस १९२६ मध्ये लागला. हिल्टन यंग चलन आयोगाचे ते सदस्य होते. रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स ठेवायचा की १ शिलिंग ६ पेन्स, हा वाद होता. ऐकायला दोन पेन्सचा फरक, पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याला तो थेट लागत होता. लिव्हरपूलला एक पौंड मिळवणारा कापूस १६ पेन्सच्या रुपयाने १५ रुपये आणतो. तोच कापूस १८ पेन्सच्या रुपयाने १३ रुपये ५ आणे ४ पै. पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १६ पेन्ससाठी भिन्न मतपत्रिका लिहिली. माणेकजी बहुमताबरोबर, १८ पेन्सच्या बाजूने राहिले. किमती आणि मजुरी १८ पेन्सला जुळून गेल्या आहेत, आता घडी विस्कटू नये, हा बहुमताचा युक्तिवाद. घडी टिकवण्याची ही ओढ जुन्या वळणाच्या राजकारणाचं मर्मच म्हणावी. कापसावर ज्यांचा पैसा उभा राहिला, त्यांनी कापूस पिकवणाऱ्याविरुद्ध कौल दिला, असंच मात्र इथे म्हणावं लागतं. १९२७ मध्ये तो दर कायद्यात आला आणि १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले, तेव्हा दोन पेन्सचं ते ओझं वऱ्हाडाच्या डोक्यावर होतंच.

माणेकजी १९३३ ते १९४६ कौन्सिल ऑफ स्टेटचे अध्यक्ष होते. १९५३ मध्ये ते वारले. एव्हाना सगळ्या प्रौढांना मत मिळून पहिली निवडणूक झाली होती आणि अमरावतीचे खासदार होते पंजाबराव देशमुख, शेतकऱ्यांचं राजकारण करणारे.

उद्योगाची बाजू उघडपणे घेणारा पक्ष त्यानंतर आला तो १९५९ चा स्वतंत्र पक्ष. टाटांच्या कचेरीत वर्षानुवर्षं काम केलेले मिनू मसानी त्याचे आघाडीचे नेते होते. पक्षाला आपण देणगी देणार, असं जे. आर. डी. टाटांनी १९६१ मध्ये नेहरूंना पत्राने कळवलं होतं. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा मिळाल्या, पण महाराष्ट्रात पक्ष रुजला नाही. १९७१ मध्ये दक्षिण मुंबईतून अपक्ष उभे राहिलेले नवल टाटाही पडले. त्याच वर्षी राज्यात कच्च्या कापसाच्या एकाधिकार खरेदीचा कायदा झाला आणि पुढे जिनमालक सरकारसाठी रुई-सरकी वेगळी करू लागले.

पुढे वऱ्हाडातून उजव्या पक्षाकडून निवडून आलेला एक उद्योजक गिरणीच्या जुन्या घराण्यातला नव्हता. अकोल्याचे संजय धोत्रे अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, शेती आणि उद्योग दोन्ही करणारे. १९९९ मध्ये मूर्तिजापूरहून आमदार आणि २००४ पासून सलग चार वेळा अकोल्याचे भाजप खासदार. २०२४ मध्ये त्यांचे पुत्र अनूप धोत्रे अकोल्यातूनच लोकसभेत गेले.