जमिनीचे दप्तर: चावडीपासून सर्व्हरपर्यंत

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली आणि शेतांना सर्व्हे नंबर मिळाले. वऱ्हाडातल्या तिवसा भागातही नोंदींचे दप्तर पटवाऱ्याकडे असे. नक्कल हवी तर त्याला गाठणे भाग होते. गाव नमुना सात आणि बारा इथे आले ते 1966 च्या जमीन महसूल अधिनियमानंतर.

संगणकीकरणाने नोंदी यंत्रात गेल्या आणि ई-फेरफार प्रकल्पाने त्या इंटरनेटवर आल्या. खरी कसोटी पुढेच होती. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा अनेक ठिकाणी जुळत नव्हता. कुठे क्षेत्र चुकले, कुठे वारसाचे नावच राहिले. लहान शेतकऱ्याला हा दोष फार महाग पडतो, कारण पीककर्ज याच कागदावर मिळते. 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन करून चुका शोधल्या गेल्या, हा उपाय सर्वांत मोलाचा.

1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तो उघडला नाही तर आधी जोडणी तपासावी, मग गाव आणि गट क्रमांक. तरीही न उघडल्यास सर्व्हरवरचा ताण ओसरल्यावर पुन्हा पाहावे. नोंदच चुकीची असेल, तर दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो.