वसतिगृहाचा वारसा

मौद्याहून नागपूर भंडारा मार्गाने सुमारे ३५ किलोमीटर आहे. तथापि महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात पाऊल ठेवणाऱ्या मुलामुलींना हे अंतर केवळ रस्त्याचे वाटत नाही. नागपुरात १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले, १९२३ साली विद्यापीठ झाले. परंतु शहरात राहावयाचे कोठे, जेवावयाचे कोठे आणि अडले तर विचारावयाचे कोणास, हा कन्हानकाठच्या कुटुंबाचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. समाजाच्या वसतिगृहाचा विषय समाजबांधवांत पुनःपुन्हा निघतो, म्हणून पूर्वसूरींनी याचे उत्तर कसे शोधिले ते पाहणे अगत्याचे आहे.

प्रारंभ कोल्हापुरी करावा लागतो. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांकरिता एकच वसतिगृह काढिले. व्यवहारात मात्र ते लवकरच एकाच वर्गाच्या मुलांचे होऊन बसले. तेव्हा महाराजांनी मार्ग बदलला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन, १९०६ साली मुस्लिम आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. जातवार बोर्डिंगे हा त्यांचा पहिला विचार नव्हता, पहिला विचार फसल्यावर योजिलेला तो उपाय होता. आपल्या सभांतून कोल्हापूरचा दाखला देणारे हे सांगावयास विसरतात! याच महाराजांनी १९२० साली नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद भूषविले होते.

या बोर्डिंगांतूनच पुढचा विचार जन्मास आला. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे त्यांनी नाकारिले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. धनिणीच्या बागेत मुले स्वतः स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, श्रम करीत आणि एका पंक्तीस जेवीत. मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. अशा देणगीची नोंद संस्थांच्या जमाखर्चात सहसा सापडत नाही. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. राहणे, राबणे आणि शिकणे यांत भिंत उरली नाही.

आपल्या विदर्भातही डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणिले होते.

नवख्या विद्यार्थ्यास खाट आणि ताट मिळाले म्हणजे वसतिगृहाचे कार्य संपले, असे मानणे चुकीचे होय. त्याच अभ्यासक्रमाचा वरच्या वर्गातील सोबती त्याच्या खोलीशेजारी हवा, सायंकाळी एकत्र अभ्यास हवा, कामाची वाटणी हवी. राहिला प्रवेशाचा प्रश्न. अर्जपत्रिकेत जातीचा रकाना ठेवावयाचा, की मौदा तालुक्यातील कोणत्याही गरजू मुलामुलीस काही जागा द्यावयाच्या, याचा निर्णय समाजबांधवांनी येत्या वार्षिक सभेत करावा, अशी नम्र विनंती आहे.