निनादाचा हिशेब

आवाज मोठा असणे आणि शब्द स्पष्ट ऐकू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विजापूरचा गोलघुमट (१६५६) हेच सांगतो. त्याच्या सज्जातील कुजबुज पलीकडच्या टोकाला पोहोचते, एका टाळीचे अनेक पडसाद उठतात. मात्र तेथे प्रवचन केले तर मागचा शब्द पुढच्या शब्दावर चढेल. दगड ध्वनी शोषत नाही, परत फेकतो.

दगडी ख्रिस्तमंदिरांतील असा निनाद संथ लॅटिन गायनाला पोषक ठरला. प्रवचनाची अडचण मात्र पूर्वजांनी ओळखली होती. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत कोरीव प्रवचनपीठ लोकांजवळच्या भिंतीवर आहे आणि त्यावर छत्र आहे. अशा छत्रामुळे वर जाणारा आवाज श्रोत्यांकडे वळतो.

या अनुभवाचे शास्त्र झाले ते १८९५ नंतर. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि घड्याळ लावून निनाद मोजला. जागेचे घनफळ वाढले की निनाद लांबतो, ध्वनी शोषणारे पदार्थ वाढले की तो आखडतो, हा नियम त्याला गवसला. त्याच आधारे १९०० साली बोस्टनचे सिंफनी हॉल उभे राहिले. मुंबईत १९८० साली सुरू झालेल्या टाटा थिएटरची ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांनी केली. भारतीय मैफलीतील जवळीक ध्यानी घेऊन, सुमारे हजार श्रोत्यांना माइकशिवाय ऐकू यावे, अशी ती योजना होती.

आपल्यालाही हा प्रश्न जवळचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. मराठी वाचन कळावे यासाठीच ते मराठीत आहे; ते निनादात विरले तर उपयोग काय? गायनवृंदाला दोन सेकंदांचा निनाद खुलवतो, वाचनाला एक सेकंद पुरे होतो. मुरुडसारख्या गावात प्रार्थनामंदिर बांधताना गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि पत्र्याचे छत आले की आवाज घुमतो. मग आपण मोठा लाउडस्पीकर आणतो आणि घुमणेच वाढवतो. नाताळात गर्दी असताना तेच मंदिर चांगले वाटते, कारण माणसांचे कपडे आणि शरीरे ध्वनी शोषतात. मागच्या भिंतीवर जाड कापडाचे पडदे, जमिनीवर सतरंज्या, छताखाली ध्वनी शोषणारे आच्छादन, एवढी तजवीज आधी करावी. लाउडस्पीकरची किंमत विचारण्यापूर्वी आपण एकदा टाळी वाजवून ऐकावे. शेवटच्या बाकावरील आजीलाही शुभवर्तमान ऐकण्याचा हक्क आहे.