दुबईतील हॉटेल अपार्टमेंट : मुक्कामापूर्वीचा हिशेब

दुबईला जाणारी मराठी कुटुंबे साधारणपणे तीन प्रकारची असतात. पहिले कुटुंब चार-पाच दिवसांच्या सहलीला जाते, दिवसभर हिंडते आणि रात्री केवळ झोपण्यापुरते हॉटेलवर परतते. दुसरे कुटुंब तेथे नोकरी करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे जाते. मुलाची सदनिका लहान असते, अथवा तो सहकाऱ्यांसोबत घर वाटून राहत असतो. तीन-चार आठवड्यांसाठी आलेल्या आईवडिलांची सोय तेथे होत नाही. तिसरे कुटुंब नव्या नोकरीसाठी बिऱ्हाड हलविणारे. भाड्याचे घर मिळेपर्यंतचा पहिला महिना त्याला कोठे तरी काढावयाचा असतो.

पहिल्या कुटुंबाला साधे हॉटेल पुरेसे ठरते. उरलेल्या दोघांसाठी ‘हॉटेल अपार्टमेंट’ हा प्रकार उपयोगी पडतो. मात्र आरक्षण करताना पुष्कळ जण खोलीचे छायाचित्र आणि एका रात्रीचा दर एवढेच पाहतात. प्रत्यक्षात खर्च व सोय या दोन्ही गोष्टी दिवसांची संख्या, माणसांची संख्या आणि स्वयंपाकघराचा खरोखरचा उपयोग यांवर अवलंबून असतात. हा हिशेब आधी केला तर मुक्काम सुखाचा होतो. नंतर करावा लागला तर तो महागात पडतो.

हॉटेल अपार्टमेंट म्हणजे काय?

हॉटेलप्रमाणे स्वागतकक्ष, सफाई व सुरक्षाव्यवस्था आणि घराप्रमाणे स्वयंपाकघर, बैठकीची जागा व एक किंवा अधिक शयनकक्ष असे या निवासाचे स्वरूप असते. दुबईत ही स्वतंत्र, परवानाधारक श्रेणी आहे. तिचे ‘डीलक्स’, ‘सुपीरियर’ व ‘स्टँडर्ड’ असे वर्गीकरण सरकारी पर्यटन खात्यामार्फत होते. एकाच दालनात पलंग व लहान ओटा असेल तर त्यास ‘स्टुडिओ’ म्हणतात. त्यापुढे एक, दोन वा तीन शयनकक्षांच्या सदनिका असतात.

यासारखाच दिसणारा, पण वेगळा असा दुसरा प्रकार म्हणजे ‘हॉलिडे होम’. यात खासगी मालकाची सदनिका अल्प मुदतीसाठी दिली जाते. दुबईत त्यासाठीही सरकारी परवाना लागतो आणि त्याचे नियमन २०१३ पासून केले जाते. ओळखीच्या माणसाने ‘माझा रिकामा फ्लॅट वापरा’ म्हणून पैसे घेऊन जागा दिली आणि तिला परवाना नसला, तर अडचण आल्यास पाहुण्याला दाद मागणे कठीण जाते. म्हणून परवान्याची खातरजमा संकोच न बाळगता करावी.

नेहमीच्या पद्धतीने घर भाड्याने घ्यावयाचे झाल्यास दुबईत बहुधा वर्षाचा करार करावा लागतो. भाडे पुढील तारखांच्या धनादेशांनी देण्याची प्रथा आहे आणि करार ‘इजारी’ या सरकारी प्रणालीत नोंदवावा लागतो. नव्याने रुजू होणाऱ्या नोकरदाराला निवासी व्हिसा, ओळखपत्र आणि बँकेचे खाते हाती येईपर्यंत हे सर्व उरकणे जमत नाही. या मधल्या काळासाठी हॉटेल अपार्टमेंटचा मासिक दर विचारणे हितावह असते. त्यात वीज, पाणी व इंटरनेट यांचा समावेश बहुधा असतो आणि रोजच्या दराच्या तिप्पट-चौपट हिशेबात अडकावे लागत नाही.

कोणाला परवडते?

तीन रात्रींच्या मुक्कामात स्वयंपाकघराचा उपयोग चहा व दूध तापविण्यापलीकडे सहसा होत नाही. अशा वेळी न्याहारीसह मिळणारे साधे हॉटेल अधिक सोयीचे. मुक्काम आठवड्याच्या पुढे गेला की चित्र पालटते. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांना दोन्ही वेळा बाहेरचे खाणे मानवत नाही आणि लहान मुलांना वेळेवर वरणभात लागतो. तेव्हा ओट्याची किंमत कळते.

माणसांची संख्याही महत्त्वाची. आजी-आजोबा, पती-पत्नी व एक मूल अशा पाच जणांना हॉटेलात दोन खोल्या घ्याव्या लागतात आणि त्या एकाच मजल्यावर मिळतीलच असे नाही. दोन शयनकक्षांची एक सदनिका त्यापेक्षा स्वस्त पडू शकते. शिवाय रात्री वृद्धांना गरज भासल्यास हाकेच्या अंतरावर माणूस असते. तुलना करताना एका खोलीचा दर एका सदनिकेच्या दराशी न ताडता, संपूर्ण कुटुंबाचा संपूर्ण मुक्कामाचा खर्च ताडून पाहावा.

दिसणारा दर आणि द्यावयाचा दर

जाहिरातीतील दर आणि देयकावरील रक्कम यांत दुबईत मोठे अंतर असू शकते. मूळ दरावर ७ टक्के महापालिका शुल्क लागते. हे शुल्क २०१८ पर्यंत १० टक्के होते. सेवाशुल्क साधारणतः १० टक्के असते. १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला. याखेरीज २०१४ पासून ‘टुरिझम दिरहम’ नावाचे शुल्क प्रत्येक रात्रीसाठी आकारले जाते. हॉटेल अपार्टमेंटसाठी ते श्रेणीनुसार १०, १५ किंवा २० दिरहम असते. ते सदनिकेमागे नसून शयनकक्षामागे असते, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. सलग मुक्कामात पहिल्या ३० रात्रींपर्यंतच त्याची आकारणी होते.

उदाहरणादाखल, ‘सुपीरियर’ श्रेणीतील एका शयनकक्षाच्या सदनिकेचा मूळ दर ४०० दिरहम धरू. महापालिका शुल्काचे २८, सेवाशुल्काचे ४० आणि मूल्यवर्धित कराचे सुमारे २२ दिरहम मिळविले की ४९० होतात. टुरिझम दिरहमचे १५ मिळविल्यावर रात्रीचा खर्च ५०५ दिरहमवर जातो. दहा रात्रींत ४,००० ऐवजी ५,०५० दिरहम द्यावे लागतात. काही संकेतस्थळांवरील दरात कर समाविष्ट असतात, काहींवर नसतात. टुरिझम दिरहम तर पुष्कळदा प्रत्यक्ष पोहोचल्यावरच वसूल केला जातो. त्यामुळे ‘सर्व करांसह एकूण रक्कम किती आणि तेथे गेल्यावर आणखी काय द्यावे लागेल?’ हा प्रश्न लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.

दिरहमचा डॉलरशी असलेला दर १९९७ पासून ३.६७२५ असा स्थिर आहे. रुपया मात्र हलतो. म्हणून अंदाजपत्रक दिरहममध्ये मांडावे आणि रुपयांत थोडी अधिक तरतूद ठेवावी.

ऋतूचाही दरावर परिणाम होतो. नोव्हेंबर ते मार्च हा आल्हाददायक हवेचा व गर्दीचा काळ असल्याने दर चढे असतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, दर उतरतात. त्या काळात ज्येष्ठांना दुपारी घरातच राहावे लागते, हे जमेस धरूनच स्वस्त दराचा मोह करावा.

भाग कोणता निवडावा?

बर दुबईतील अल मनखूल व लगतचा परिसर हॉटेल अपार्टमेंटसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. मीना बाजार जवळ, भारतीय वाणसामान मुबलक आणि शाकाहारी उपाहारगृहे पायी जाण्याच्या अंतरावर. शेजारच्या करामा भागातही भारतीय वस्ती मोठी आहे. बुर्जुमान येथे मेट्रोच्या लाल व हिरव्या मार्गिका एकमेकींना मिळतात, त्यामुळे शहरात हिंडणे सोपे जाते. खाडीपलीकडील देरा भागात सोन्याचा व मसाल्यांचा बाजार आहे. एका दिरहमात अब्रा म्हणजे पारंपरिक नाव पैलतीरी पोहोचविते.

अल बर्शा हा भाग मॉल ऑफ द एमिरेट्सच्या निकट, लाल मार्गिकेवर आहे. दुबई मरीना परिसरात समुद्रकिनारा व उंच इमारतींचे दृश्य लाभते, परंतु दर त्या मानाने अधिक असतात. मुलाचे कार्यालय वा घर जेथे असेल त्या मार्गावरील भाग निवडणे सर्वांत शहाणपणाचे. दुबई लांबट शहर आहे. चुकीच्या टोकाला घेतलेली स्वस्त जागा टॅक्सीच्या भाड्यात महाग होते.

विमानतळाच्या टर्मिनल १ व ३ यांना मेट्रो स्थानके आहेत, टर्मिनल २ ला नाही. मेट्रोत एका प्रवाशाला एक मोठी व एक लहान अशा दोनच बॅगा नेता येतात आणि रात्रभर मेट्रो चालत नाही. मोठे सामान व वृद्ध मंडळी सोबत असतील तर पहिल्या दिवशी टॅक्सी घेणेच इष्ट.

तारखेची चूक

मुंबईहून दुबईचा प्रवास सुमारे तीन तासांचा आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासाने मागे. अनेक विमाने मध्यरात्रीनंतर वा पहाटे पोहोचतात. समजा, विमान १० तारखेला पहाटे दोन वाजता उतरते. प्रवासी १० तारखेपासूनचे आरक्षण करतो आणि तेथे गेल्यावर त्याला सांगितले जाते की, खोली दुपारी दोन किंवा तीन वाजता मिळेल. वृद्ध आईवडिलांनी ते बारा तास स्वागतकक्षातील सोफ्यावर काढावयाचे काय? अशा वेळी आरक्षण ९ तारखेच्या रात्रीपासून करावे आणि ‘आगमन मध्यरात्रीनंतर होईल’ असे आधीच कळवावे. न कळविल्यास पाहुणा आलाच नाही असे समजून आरक्षण रद्द होण्याचा धोका असतो.

परतीच्या वेळीही हीच अडचण. खोली दुपारी अकरा-बाराच्या सुमारास सोडावी लागते आणि विमान रात्री असते. उशिरापर्यंत थांबण्याचे वेगळे शुल्क पडते का, निदान सामान ठेवता येते का, याची चौकशी करून ठेवावी.

ओटा, शेगडी आणि फोडणी

‘सुसज्ज स्वयंपाकघर’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. कोठे दोन पातेली व चार ताटल्या असतात, तर कोठे केवळ मायक्रोवेव्ह. शेगडी सहसा विजेची असते. ती इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर किंवा तवा तिच्यावर चालत नाही. तळाला चुंबक चिकटणारे भांडे लागते. प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणे व लोखंडी तवा तेथे मिळतील असे गृहीत धरू नये. वीज २३० व्होल्टचीच असल्याने आपली उपकरणे चालतात. खटका मात्र ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा असतो, म्हणून जोडपिन सोबत न्यावी.

बंद वातानुकूलित सदनिकेत मिरचीची खमंग फोडणी दिली तर धुराची सूचना देणारी घंटा वाजू शकते. फोडणीआधी धूर ओढणारा पंखा लावावा. सफाई रोजची की आठवड्याची, त्यात खरकटी भांडी धुणे येते की नाही, कपडे धुण्याचे यंत्र सदनिकेत आहे की तळमजल्यावर, हेही विचारून घ्यावे.

सामानात काय नसावे?

घरचा स्वयंपाक करण्याच्या हेतूने निघालेल्या कुटुंबाने सर्वाधिक काळजी येथे घ्यावयास हवी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगण्यास मनाई आहे. आपल्याकडे ती वाणसामानाच्या यादीतील साधी जिन्नस. तेथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी वस्तू. सुटी खसखस तर नेऊ नयेच, शिवाय घरच्या मसाल्यात, वाटणाच्या पुडीत किंवा मिठाईवर ती नाही ना, हे तपासावे. मसाले बंद पाकिटातील व घटकांची यादी छापलेले असावेत, अथवा तेथेच विकत घ्यावेत. विड्याची पानेही सोबत नेऊ नयेत.

औषधांबाबतही हीच दक्षता हवी. कोडीन वा ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामके व खोकल्याची औषधे, तसेच झोपेची व मानसोपचारातील काही औषधे तेथे नियंत्रित आहेत. ती नेण्यासाठी तेथील सरकारी यंत्रणेची पूर्वपरवानगी ऑनलाइन अर्जाद्वारे घ्यावी लागते. ज्येष्ठांच्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून प्रत्येकातील घटक समजून घ्यावेत. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

अनामत आणि ओळख

आगमनाच्या वेळी प्रत्येकाचे पारपत्र दाखवावे लागते. आरक्षणात नोंदविलेल्यापेक्षा अधिक माणसे राहू लागल्यास व्यवस्थापन हरकत घेऊ शकते. मुलगा रात्री आईवडिलांपाशी थांबणार असेल तर त्याचेही नाव आधी द्यावे. मोडतोडीच्या भरपाईपोटी अनामत रक्कम घेतली जाते. क्रेडिट कार्डावर ती केवळ रोखून धरली जाते. डेबिट किंवा प्रवासी कार्डावरील रक्कम मोकळी होण्यास बरेच दिवस लागू शकतात आणि तेवढा पैसा ऐन प्रवासात अडकून पडतो. सदनिकेत शिरताच भिंती, फर्निचर व भांड्यांची छायाचित्रे काढून ठेवल्यास निघताना वाद उद्भवत नाही.

इमारतीच्या प्रवेशद्वाराजवळ ‘मकानी’ क्रमांकाची पाटी असते. हा दहा अंकी क्रमांक म्हणजे त्या दाराचा नेमका पत्ता. तो आईवडिलांच्या खिशात लिहून ठेवावा. वाट चुकल्यास किंवा ९९८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी लागल्यास तो उपयोगी पडतो.

आरक्षणापूर्वी विचारावयाचे प्रश्न

- सर्व कर व शुल्कांसह संपूर्ण मुक्कामाची रक्कम किती?
- आठवड्याचा अथवा महिन्याचा वेगळा दर आहे का?
- आरक्षण रद्द करण्याची शेवटची तारीख कोणती?
- अनामत किती, कशी घेणार व केव्हा परत देणार?
- शेगडी कोणत्या प्रकारची आणि भांडी कोणती?
- जादा पलंग वा पाळणा मिळेल का?
- स्नानगृहात टब आहे की सपाट न्हाणी? ज्येष्ठांना टबात चढ-उतार करणे धोक्याचे असते.
- जवळचे मेट्रो स्थानक व वाणसामानाचे दुकान किती अंतरावर?

पर्यटक व्हिसाच्या अर्जासोबत परतीचे तिकीट आणि निवासाच्या आरक्षणाची प्रत मागितली जाऊ शकते. म्हणून आरक्षणावर सर्वांची नावे पारपत्राप्रमाणेच असावीत.

हॉटेल अपार्टमेंट हे परक्या शहरातील काही दिवसांचे घर असते. घर घेताना माणूस दहा प्रश्न विचारतो, तेच येथेही विचारावेत. मुलाच्या भेटीसाठी वर्षभर वाट पाहिलेल्या आईवडिलांचे ते तीन आठवडे तक्रारींत न जाता सहवासात जावेत, यासाठी तेवढी तयारी आवश्यक आहे.