मे महिन्यात संपणारे वर्ष : श्रूजबरी आणि ‘एपी’ परीक्षेची घडण

मॅसॅच्युसेट्स राज्यातील श्रूजबरी येथे, आणि एकूणच अमेरिकेतील महाविद्यालयाकडे डोळे लावून चालणाऱ्या शाळांत, पूर्वी कधी न शिकलेला विषय एका शैक्षणिक वर्षात हाती घेऊन त्याची देशव्यापी परीक्षा देण्याची जी पद्धत रूढ आहे, तिचे नाव ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ असे असून बोलण्यात तिला सर्रास ‘एपी’ म्हणतात. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यासक्रम शाळेतच शिकवायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्ड या ना-नफा तत्त्वावरील खासगी संस्थेने परीक्षा घ्यायची, आणि १ ते ५ या श्रेणीतील गुण पाहून महाविद्यालयाने त्या विषयात सूट किंवा क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजला जाणारा श्रेयांक, द्यायचा, अशी तिची रचना आहे. ज्यांनी ती आखली त्यांच्या मनात मात्र नवा विषय नव्हताच. शाळेत शिकून झालेले पुन्हा शिकण्यात हुशार विद्यार्थ्यांची वर्षे वाया जाऊ नयेत, एवढीच त्यांची चिंता होती.

फोर्ड फाउंडेशनने १९५१ मध्ये शिक्षणविषयक निधी उभा केला आणि त्याच्या साहाय्याने अँडोव्हर, एक्झेटर व लॉरेन्सव्हिल या तीन श्रीमंत निवासी शाळा आणि हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ही विद्यापीठे यांच्या प्रतिनिधींनी जो अभ्यास केला, त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास केनयन महाविद्यालयाचे अध्यक्ष गॉर्डन चामर्स यांच्या पुढाकाराने बारा महाविद्यालयांनी अशीच दुसरी योजना हाती घेतली. १९५५ मध्ये कॉलेज बोर्डाने हे काम आपल्याकडे घेतले, मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स महाविद्यालयातील इतिहासाचे प्राध्यापक चार्ल्स केलर पहिले संचालक झाले, आणि मे १९५६ च्या परीक्षेला सुमारे बाराशे विद्यार्थी बसले. त्यांतील लॅटिन किंवा फ्रेंचचा परीक्षार्थी कित्येक वर्षे ती भाषा शिकत आलेला असे, त्यामुळे एपीचे ‘एक वर्ष’ ही त्या शिडीची शेवटची पायरी होती, अख्खी शिडी नव्हे.

श्रूजबरीचा या मंडळींशी त्या काळी फारसा संबंध नव्हता. १७२७ मध्ये नगर म्हणून मान्यता मिळालेले, स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी आर्टेमस वॉर्ड यांचे हे गाव क्विन्सिगामंड तळ्याच्या पूर्वेला वसलेले असून तळ्यापलीकडे वूस्टर हे औद्योगिक शहर आहे. १९४४ मध्ये ग्रेगरी पिंकस आणि हडसन होगलंड यांनी स्थापन केलेली, गर्भनिरोधक गोळीच्या संशोधनामुळे जगभर गाजलेली वूस्टर फाउंडेशन ही जीवशास्त्राची संस्था श्रूजबरीतच होती. पुढे आसपास संगणक-कंपन्या आल्या, वूस्टरमध्ये राज्य विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि या नोकऱ्यांच्या मागोमाग भारतीय कुटुंबे, त्यांत मराठीही, येथे स्थिरावली. २०२० च्या जनगणनेत अडतीस हजारांवर पोचलेल्या या गावाच्या हायस्कूलला २००२ मध्ये नवी इमारत मिळाली, तोवर निवासी शाळांतील मूठभर मुलांची ही परीक्षा देशभरच्या सार्वजनिक शाळांत पसरली होती.

परीक्षा पसरली तरी तिची तारीख सगळीकडे एकच राहिली, आणि न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्ससह ईशान्येकडील राज्यांच्या, दृष्टीने हा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. दक्षिणेकडील अनेक राज्यांत शाळा ऑगस्टच्या आरंभी उघडतात, तर मॅसॅच्युसेट्समध्ये त्या ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेनंतर सुरू होतात; फेब्रुवारीत एक आठवडा आणि पेट्रियट्स डे या राज्याच्या सुटीच्या सुमारास एप्रिलमध्ये आणखी एक आठवडा सुटी असते, शिवाय बर्फामुळे शाळा बंद राहते ती वेगळीच. बुडालेले दिवस जूनमध्ये भरून निघतात खरे, पण तोवर मेमधली परीक्षा होऊन गेलेली असते. जानेवारी २०१५ च्या एकाच वादळात वूस्टरमध्ये ३४.५ इंच बर्फ पडला, आणि नेमक्या त्याच वर्षी मे महिन्यात भौतिकशास्त्राची नवी एपी परीक्षा प्रथम होणार होती.

ती नवी का करावी लागली, हे पाहिले म्हणजे एका वर्षाच्या मापाची मर्यादा ध्यानात येते. ‘फिजिक्स बी’ या जुन्या अभ्यासक्रमात यामिकी, द्रव, उष्णता, वीज, चुंबकत्व, तरंग, प्रकाश आणि अणू असे सारेच एका वर्षात उरकायचे असे. नॅशनल रिसर्च काउन्सिलने २००२ च्या अहवालात एपीच्या विज्ञान व गणित अभ्यासक्रमांवर ठपका ठेवला तो हाच, की व्याप्तीपायी खोली हरवते. अखेर कॉलेज बोर्डाने ‘बी’ मोडून त्याचे ‘फिजिक्स १’ आणि ‘फिजिक्स २’ असे वर्षावर्षाचे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम केले. परंतु प्रश्न आता सूत्रांऐवजी कारणमीमांसा विचारू लागल्याने पहिल्याच वर्षी ‘फिजिक्स १’ मध्ये तीन किंवा त्याहून अधिक श्रेणी मिळवणारे चाळीस टक्क्यांहून कमी भरले. ओझे निम्मे करूनही निकाल सुधारला नाही, ही गोष्ट वर्षाच्या हिशेबाइतकीच शिकवण्याच्या रीतीबद्दलही सांगते.

खऱ्या अर्थाने शून्यातून एका वर्षात घेता येतील असे विषय उशिरा आले : मानसशास्त्र १९९२ मध्ये, संख्याशास्त्र १९९७ मध्ये, पर्यावरणशास्त्र १९९८ मध्ये आणि मानवी भूगोल २००१ मध्ये. या विषयांना खालच्या इयत्तांचा लांबलचक पाया लागत नाही, म्हणून वर्ग न घेता घरी पुस्तक वाचून परीक्षेला बसणाऱ्यांचाही ओढा यांच्याकडेच राहिला. तशी मुभा नियमातच आहे. २००७ पासून शिक्षकाचा अभ्यासक्रम बोर्डाने तपासल्याशिवाय शाळेला वर्गास ‘एपी’ म्हणता येत नाही, परीक्षार्थीवर मात्र वर्गात बसण्याचे बंधन नाही. शुल्क शंभर डॉलरच्या आसपास असून २०१९ पासून नावनोंदणी शरद ऋतूतच करावी लागते, त्यामुळे वर्ष संपत आल्यावर विषय उचलण्याची जुनी सोय बरीचशी गेली.

महाराष्ट्रात दहावी-बारावी करून आलेल्या पालकांना यातले पुष्कळसे ओळखीचे वाटले असल्यास नवल नाही, कारण १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणे त्यांच्याकडेही होतेच. फरक असा, की महाराष्ट्र बोर्डाच्या परीक्षेत विषय शाखेच्या गाठोड्यात येतात आणि त्यांतला एखादा बुडाला तर सारी परीक्षाच अडते, तर एपीमध्ये विषय सुटे मिळतात आणि पडलेली श्रेणी विद्यापीठाला कळवायची की नाही हेही बहुधा विद्यार्थीच ठरवतो. हा सुटेपणा विषयाची चव घेऊन पाहण्यासाठी होता. पण अनेक शाळांनी एपीला गुणांच्या सरासरीत जादा वजन दिल्यापासून विषयांची संख्या हीच प्रतिष्ठा बनली, आणि ज्या परीक्षेने पुनरावृत्ती टाळायची तिच्यासाठी उन्हाळ्यात आगाऊ शिकवण्या सुरू झाल्या. याचा दोष एकट्या स्थलांतरित पालकांना देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. अँडोव्हरच्या मास्तरांनी जे मोजमाप बनवले, ते मोजले जाणारच होते.

भाषांच्या बाबतीत मात्र हा सारा हिशेब उलटा होतो. इटालियनची परीक्षा २००६ मध्ये सुरू झाली, विद्यार्थी आणि पैसा दोन्ही अपुरे पडल्याने २००९ नंतर थांबली, आणि इटलीच्या सरकारसह इतरांनी निधी दिल्यावर पुन्हा चालू झाली. चिनी आणि जपानी २००७ मध्ये आल्या, भारतीय भाषा मात्र एकही आली नाही. त्यामुळे उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमानुसार सुटीच्या दिवशी वर्षानुवर्षे मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला मराठीत एपी मिळत नाही, आणि तेच मूल सप्टेंबरात उघडलेल्या मानसशास्त्राची श्रेणी जुलैत हातात घेते. मॅसॅच्युसेट्सने नोव्हेंबर २०१७ च्या कायद्याने हायस्कूलच्या प्रमाणपत्रावर उमटणारी द्विभाषा-प्रावीण्याची मुद्रा मान्य केली. तिच्यासाठी इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेतले प्रावीण्य सिद्ध करावे लागते, आणि ते किती वर्षांत कमावले याची विचारणा तेथे होत नाही.