कामगार, कुत्रा आणि कीटकनाशक

आजच्या विषयाचे नाव वाचून काही स्नेह्यांनी आम्हांला विचारले, युनियनच्या माणसाला पाळीव कुत्र्यांशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर एका रंगाच्या कारखान्यात सापडते.

१८९५ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे लुडविग रेन ह्या शल्यवैद्याने जाहीर केले की, फुक्सिन हा किरमिजी रंग बनविणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी आढळत आहेत. रोगी मोजकेच होते, पण त्यांचा धंदा एक होता. पुढे संशयाची सुई बीटा-नॅफ्थिलअमाईन ह्या द्रव्याकडे वळली. १९३८ साली विल्हेल्म ह्यूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केले की, हेच द्रव्य दीर्घकाळ दिल्यावर कुत्र्यांच्या मूत्राशयातही तशाच गाठी होतात. ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत हे काम झाले, तिने ह्यूपरना आदल्याच वर्षी घरी बसविले होते. ब्रिटनमध्ये कायद्याची बंदी येण्यास १९६७ साल उजाडले. कुत्र्यांची साक्ष नोंदली गेली, आणि तरी एकोणतीस वर्षे गेली!

आता कारखान्यातून घरात येऊ. पिसवा आणि गोचिडांसाठी कुत्र्याला औषधी पाण्याने न्हाऊ घालतात, भुकटी चोळतात, फवारा मारतात. कुत्रा अंग चाटतो, म्हणजे कातडीवरचे पोटातही जाते. शरीर ते मूत्रावाटे बाहेर टाकते. पण घरात कोंडलेला कुत्रा मालक बाहेर नेईपर्यंत तासन्‌तास लघवी धरून असतो. तेवढा वेळ मूत्राशयाची आतली त्वचा त्या पाण्यात भिजत राहते. पाळीवर असताना जागा सोडू न शकणाऱ्या यंत्रावरच्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

१९८९ साली इंडियाना प्रांतातील पर्ड्यू विद्यापीठाच्या लॉरेन्स ग्लिकमन व सहकाऱ्यांनी मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या ५९ कुत्र्यांची इतर रोगांच्या ७१ कुत्र्यांशी तुलना केली. मालकाच्या सिगारेटच्या धुराचा किंवा घरातील इतर रसायनांचा संबंध दिसला नाही. अंगावर लावलेल्या कीटकनाशकाचा मात्र दिसला, आणि वर्षातून दोनपेक्षा अधिक वेळा लावले असता धोका सुमारे साडेतीन पट आढळला. लठ्ठ कुत्र्यांत तो आणखी वाढला होता. एवढ्याशा संख्येवरून कोणाला फासावर चढविता येत नाही, हे आम्ही कबूल करतो. २००४ साली स्कॉटिश टेरियर ह्या जातीच्या कुत्र्यांची अशीच पाहणी झाली. हा रोग त्या जातीत मुळातच फार. मानेमागे टाकावयाच्या नव्या थेंबांमुळे धोका वाढल्याचे तीत आढळले नाही. तेव्हा सगळ्याच औषधांना एका दोरीत बांधणे अन्यायाचे होईल.

मग जुन्या औषधांत नेमके काय होते? आमच्या मते खरी गोम इथे आहे. कीड मारणारे द्रव्य बाटलीत थोडे असते. उरलेले बहुतेक द्रावक, आणि जुन्या फवाऱ्यांत तो पुष्कळदा पेट्रोलियमपासून काढलेला असे. त्याला 'निष्क्रिय' म्हणण्याची चाल आहे. किडीच्या दृष्टीने तो निष्क्रिय असेल. मूत्राशयाला कोणी विचारले?

कुत्र्याचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे, म्हणून माणसात वीस-तीस वर्षांनी उमटणारा रोग त्याच्यात लवकर दिसतो. ही घाईची साक्ष फार मोलाची आहे.

गेल्या वर्षी घरोघर झुरळांचे औषध मारणारी काही मुले आमच्या कचेरीत आली होती. त्यांतल्या एकाने सांगितले की, गिऱ्हाईक आधी कुत्र्याला शेजारी नेऊन ठेवते आणि मग त्यांना आत घेते. आम्ही त्यांना रिकामे डबे आणावयास सांगितले. त्यांनी सात आणले. वेष्टनांवर विषाचे नाव होते, टक्केवारी होती, आणि खाली 'इतर घटक' एवढेच छापले होते. हातमोजे एकाकडेच होते, तेही फाटके.