पिशवीतला तांदूळ, पातेल्यातली खिचडी

केंद्राची पोषण आहार योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली, त्या वर्षी आपण पहिलीत होतो. महिन्याची 80 टक्के हजेरी भरली की तीन किलो तांदूळ. बाई हजेरीपटावरून नावं पुकारत. पिशवी घेऊन सगळेच रांगेत, कमीपणा कुणालाच नव्हता. पण तो तांदूळ घरभर वाटला जाई; पोराच्या ताटात किती पडला, हे आईलाच ठाऊक. नोव्हेंबर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं. शाळेत खिचडी शिजू लागली तोवर आपण हायस्कुलात. धाकट्या बहिणीने ती पोटभर खाल्ली. काही घरांतून मात्र आधी विचारणा होई, शिजवतं कोण? मग मधल्या सुट्टीत दोन पंगती बसत: ताटलीवाल्यांची आणि डबेवाल्यांची.